हबसाण : विलीन झालेले एक लहान राज्य



रायगड जिल्ह्याच्या नकाशावर दक्षिणेकडे दृष्टी टाकली, तर अरबी समुद्रातून जमिनीत शिरलेली एक रुंद खाडी दिसते. तिचे नाव राजपुरीची खाडी. तिच्या मुखाशी, पाण्यातल्या खडकावर, जंजिऱ्याचा प्रख्यात किल्ला उभा आहे. खाडीच्या उत्तरेस मुरुड, आतल्या अंगाला म्हसळा आणि दक्षिणेकडे समुद्रकाठी श्रीवर्धन. आज हे तीन तालुके असून त्यांचा जिल्हा एकच आहे. या तालुक्यांना एकत्र गुंफणारा आणखी एक धागा मात्र शाळेच्या भूगोलात सापडत नाही. १९४८ सालापर्यंत ही सारी भूमी म्हणजे एक स्वतंत्र संस्थान होते. सरकारी दप्तरात त्याचे नाव जंजिरा. जुन्या मराठी कागदांत मात्र हा मुलूख ‘हबसाण’ म्हणून ओळखला जातो. हबसाण म्हणजे हबशांचा प्रदेश.

जंजिऱ्याच्या किल्ल्याविषयी पुष्कळ लिहिले व बोलले गेले आहे. आजच्या भाषणाचा विषय किल्ला नसून किल्ल्यामागची भूमी हा आहे. एखादे लहानसे, विरळ वस्तीचे, पण स्वतःचा कारभार असलेले राज्य मोठ्या राज्यात विलीन होते, तेव्हा त्याच्या प्रजेचे पुढे काय होते? विलीनीकरणाचा दिवस इतिहासात नोंदला जातो. त्यानंतरच्या दिवसांची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. हबसाणच्या निमित्ताने त्या दिवसांचा थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम या मुलुखाची ओळख करून घेऊ. उत्तरेस कुंडलिकेची म्हणजे रेवदंड्याची खाडी, दक्षिणेस सावित्रीची म्हणजे बाणकोटची खाडी, पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस रोहे, माणगाव या बाजूंचे डोंगर, अशा चतुःसीमांत हे संस्थान वसले होते. क्षेत्रफळ अवघे ३२४ चौरस मैल, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे ८४० चौरस किलोमीटर. काठियावाडातील जाफराबाद हा एक दूरचा तुकडाही जंजिऱ्याच्या सिद्दीकडेच होता. परंतु मुख्य भूमी ही. किनाऱ्याला लागून नारळी-पोफळीच्या वाड्या, वाड्यांमागे भातखाचरे, त्यामागे वरकस जमीन व तीवर नाचणी-वरी, आणि सर्वांच्या पाठीशी दाट रान, असा तिचा उतरता थाट आहे. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीची कीर्ती मुंबईच्या बाजारात पिढ्यान्पिढ्या आहे. राजपुरी, एकदरा, भरडखोल, जीवना या गावांतून कोळ्यांची होडकी समुद्रात जातात. हरिहरेश्वर आणि दिवेआगर ही ठिकाणे आता भाविकांच्या व प्रवाशांच्या परिचयाची झाली आहेत.

इतक्या लहान भूमीत माणसांचे प्रकार मात्र किती! कोळी, आगरी, कुणबी, कातकरी. श्रीवर्धन-दिवेआगरचे ब्राह्मण बागायतदार. म्हसळा-मुरुडकडचे कोकणी मुसलमान. राज्यकर्ते सिद्दी, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेच्या हबसाणातून आले. आणि शनिवार पाळणारे, मराठी बोलणारे बेने इस्रायल, ज्यांना कोकणात शनिवार तेली म्हणत. आपापल्या गावाच्या नावापुढे ‘कर’ लावण्याची कोकणी रीत बेने इस्रायलांनीही इतकी आपलीशी केली, की केवळ आडनावावरून त्यांचा धर्म ओळखता येणे कठीण. जंजिरा संस्थानाच्या कारभारीपदापर्यंत या समाजाचे गृहस्थ पोहोचले होते. शिवाय याच भूमीतल्या श्रीवर्धनच्या देशमुखी घराण्यातील बाळाजी विश्वनाथ भट सिद्दीच्या जाचामुळे घाटावर गेले आणि १७१३ साली साताऱ्याच्या छत्रपतींचे पेशवे झाले.

राजकीय इतिहास थोडक्यात सांगितला तरी पुरे. राजपुरीच्या खडकावर आरंभी कोळ्यांचा मेढेकोट होता, म्हणजे लाकडी मेढ्यांचा कोट. रामा पाटील हे त्या कोळी नायकाचे नाव परंपरेने सांगितले जाते. अहमदनगरच्या निजामशाहीने तो कोट घेतला, आणि पुढे तेथे दगडी किल्ला उभा राहिला. निजामशाही बुडाली, विजापूरकरांचा अंमल आला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्दींनी मोगलांशी संधान बांधून त्यांच्या आरमाराची जबाबदारी पत्करली. बराच काळ या गादीचा वारस केवळ जन्माने ठरत नसे. सरदारांपैकी जो कर्ता, त्याच्या हाती सत्ता जाई. शिवाजी महाराजांनी जंजिरा घेण्याचे प्रयत्न केले आणि मुरुडसमोरच्या कांसा बेटावर पद्मदुर्ग उभारून सिद्दीला शह दिला. १६८२ साली संभाजी महाराजांनी खाडीत दगड टाकून किल्ल्यापर्यंत वाट करण्याचा उद्योग आरंभला. पहिल्या बाजीरावांच्या काळातील मोहिमेत १७३६ साली चिमाजी आप्पांनी सिद्दी सात याला ठार केले, आणि सिद्दीचा बराच मुलूख मराठ्यांकडे आला. किल्ला मात्र अखेरपर्यंत कोणाच्या हाती लागला नाही. या दीर्घ झगड्याची झळ किनाऱ्यावरच्या रयतेला दोन्ही बाजूंनी लागली. ज्याचे सैन्य गावात उतरे, त्याची वसुली द्यावी लागे; मग गावचा स्वामी कोणीही असो.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांची अधिसत्ता या राज्यावर आली. १८३४ साली त्यांनी जंजिऱ्याची टांकसाळ बंद केली. तरीसुद्धा बराच काळ अंतर्गत कारभारात त्यांनी हात घातला नाही. कारभाराविषयी तक्रारी फार झाल्यावर, १८७० च्या सुमारास, फौजदारी अधिकार नबाबाकडून काढून तेथे इंग्रज अधिकारी नेमण्यात आला. १८७९ साली नबाब सिद्दी अहमदखान गादीवर आले व १९२२ पर्यंत त्यांनी राज्य केले. मुरुडला पाणी पुरविणारे गारंबीचे धरण, मुरुडच्या टेकडीवरचा अहमदगंज राजवाडा, सर एस. ए. हायस्कूलच्या नावात राहिलेली त्यांच्या नावाची आद्याक्षरे, या त्या काळाच्या खुणा होत. नबाबांनी शिकारीसाठी राखलेले फणसाडचे रान १९८६ साली अभयारण्य झाले. राजाच्या शौकासाठी राखलेले झाड आज सर्वांच्या उपयोगी पडत आहे. अहमदखानांच्या पश्चात पुत्र अल्पवयी असल्यामुळे राणीसाहेबांनी काही वर्षे राजप्रतिनिधी म्हणून कारभार पाहिला. त्यानंतर सिद्दी महंमदखान हे या गादीवरचे शेवटचे राज्यकर्ते ठरले.

संस्थानी कारभाराचे गोडवे गाण्याचे येथे कारण नाही. धरण आणि हायस्कूल एका बाजूस ठेवले, तरी दुसऱ्या बाजूस हे स्वच्छ दिसते की राज्यकारभारात प्रजेला खरा आवाज नव्हता. शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, १९३३ पासून चरीच्या शेतकऱ्यांचा दीर्घकाळचा संप चालला, १९४२ साली महाडच्या कचेरीवर मोर्चा गेला. या वाऱ्याची झुळूक संस्थानाच्या हद्दीवर थांबून राहणे शक्यच नव्हते. स्वातंत्र्यानंतर प्रजेने विलीनीकरणाची मागणी उचलून धरली. महाडकडचे नाना पुरोहित, तसेच तरुण कार्यकर्ते मोहन धारिया यांची नावे या चळवळीत घेतली जातात. धारियांनी लोकसेना या नावाने स्वयंसेवक उभे केले. देशभर साडेपाचशेहून अधिक संस्थाने त्या वेळी भारतात सामील होत होती. १९४८ साली जंजिरा मुंबई प्रांतात विलीन होऊन कुलाबा जिल्ह्याचा भाग बनला. जाफराबाद काठियावाडाकडे राहिले. आज ते गुजरातच्या अमरेली जिल्ह्यात आहे. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड पडले. ते नाव देणारे तत्कालीन मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले हे म्हसळा तालुक्यातील आंबेत गावचे, हाही एक योगायोग.

विलीनीकरण न्याय्य होते, यात शंका नाही. प्रजेला मत मिळाले, कायद्यापुढे समानता मिळाली, कुळांना कुळकायद्याचे संरक्षण मिळाले. परंतु न्याय्य गोष्टीचीही काही किंमत द्यावी लागते. त्या किमतीचा हिशेब मांडणे म्हणजे त्या गोष्टीला विरोध करणे नव्हे. जंजिऱ्याच्या बाबतीत ही किंमत कोणती, हे समजण्यासाठी पुन्हा राजपुरीच्या खाडीकडे यावे लागेल.

जुन्या राज्याच्या दृष्टीने ही खाडी म्हणजे घराचे अंगण होते. राजधानी मुरुड तिच्या एका बाजूस, म्हसळा तिच्या आतल्या टोकाकडे आणि श्रीवर्धनची वाट तिच्या दुसऱ्या तीरावरून. मचव्याने भरती-ओहोटीचा नेम साधून माणूस एका महालातून दुसऱ्यात सहज जाई. समुद्रातून मुंबईच्या आगबोटी मुरुड-जंजिरा, श्रीवर्धन, बाणकोट अशी बंदरे घेत जात. पावसाळ्याचे महिने सोडले तर मुंबईचा मार्ग पाण्यावरचाच होता. हे राज्य पाण्याभोवती बांधलेले होते. पाण्याने ते जोडलेले होते, म्हणून आकाराने लहान असूनही ते एकसंध होते.

विलीनीकरणानंतर कचेरीची दिशा बदलली. जिल्ह्याचे ठाणे अलिबाग. तेही किनाऱ्यावरच, परंतु पार उत्तरेला. त्याच सुमारास वाहतुकीची साधनेही बदलत गेली. आगबोटी कमी होत होत बंद पडल्या. मोटार आली, राज्य परिवहनाची एस. टी. आली, घाटमाथ्याशी आणि मुंबईशी जोडणारे रस्ते झाले. मुंबई-गोवा महामार्ग माणगाव-महाडवरून जातो, आणि पुढे १९९८ साली पूर्ण झालेली कोकण रेल्वेही किनाऱ्यापासून दूर, माणगावावरूनच गेली. रस्त्याच्या युगात खाडीचा अर्थ उलटा झाला. जी वाट होती, तीच भिंत झाली. मुरुडहून समोर दिसणाऱ्या दिघीला रस्त्याने जावयाचे, तर खाडीला वळसा घालावा लागतो. श्रीवर्धनच्या शेतकऱ्याला अलिबागच्या कचेरीत पाच मिनिटांचे काम असले, तर बहुधा सारा दिवस खर्ची पडतो. अलीकडे आगरदांडा आणि दिघी यांच्या दरम्यान मोटारींसह माणसे नेणारी फेरीबोट सुरू झाल्यामुळे थोडी सोय झाली आहे. सागरी महामार्गाची कल्पना अंतुल्यांच्या काळापासून बोलली जात आहे; त्या मार्गावरच्या खाड्यांवर पूल झाले, तर पुन्हा दोन तीर जवळ येतील.

प्रतिनिधित्वाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. १९६२ साली जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, तेव्हा या तिन्ही तालुक्यांना आपापल्या समित्या मिळाल्या, आणि गावोगावच्या ग्रामपंचायतींनी कारभार हाती घेतला. मुरुड व श्रीवर्धन येथे नगरपरिषदा आहेत. म्हसळ्याला अलीकडे नगरपंचायत झाली. म्हणजे खालच्या पायरीवर स्वराज्य आले, आणि ते पूर्वीच्या मानाने कितीतरी खरे आहे. परंतु वरच्या पायरीवर या मुलुखाचा एकत्रित आवाज उरला नाही. विधानसभेच्या मतदारसंघांची २००८ साली जी फेररचना झाली, तीनुसार मुरुड तालुका अलिबाग मतदारसंघात आहे, तर श्रीवर्धन आणि म्हसळा हे माणगाव, तळे यांच्यासह श्रीवर्धन मतदारसंघात आहेत. खाडीचे दोन तीर दोन आमदारांकडे. राजपुरीच्या खाडीचा प्रश्न हा एकच प्रश्न असला, तरी त्याला आता दोन घरांतून उत्तर शोधावे लागते.

यापुढे आकड्यांकडे वळू. कारण या विषयात आकडे बोलके आहेत. १९०१ च्या शिरगणतीत जंजिऱ्याची लोकसंख्या ८५,४१४ होती. २०११ च्या जनगणनेत मुरुड तालुक्यात ७४,२०७, श्रीवर्धनमध्ये ८३,०२७ आणि म्हसळ्यात ५९,९१४ माणसे नोंदली गेली. तिघांची बेरीज २,१७,१४८. सीमांतले किरकोळ फेरफार सोडून दिले, तर एकशे दहा वर्षांत वस्ती अडीच पट झाली. याच काळात आजच्या महाराष्ट्राची लोकसंख्या पावणेसहा पटींच्या घरात गेली. अर्थात या भूमीत माणसे जन्माला येत होती, परंतु राहत नव्हती. याच जिल्ह्यातील एकट्या पनवेल तालुक्याची लोकसंख्या २०११ साली ७,५०,२३६ होती, म्हणजे या तीन तालुक्यांच्या साडेतीन पटींएवढी. जिल्ह्याच्या भूमीचा सुमारे शेकडा बारा हिस्सा या तालुक्यांकडे आहे, पण माणसांचा हिस्सा शेकडा आठच भरतो. लोकशाहीत माणसांच्या संख्येवर वजन ठरते, हे योग्यच. परंतु त्याचा परिणाम असा होतो, की जेथून माणसे जातात तेथून आवाजही जातो, आणि आवाज गेला की राहिलेली माणसेही निघण्याचा विचार करू लागतात.

ही माणसे गेली कोठे? बहुतेक मुंबईला. कोकणातल्या घराघरांतून गिरणीत, गोदीत, कचेरीत, पोलिसांत गेलेला चाकरमानी हा सर्वांच्या ओळखीचा आहे. कोकणी मुसलमान कुटुंबांतील पुरुष आधी जहाजांवर आणि मुंबईत, नंतर आखाती देशांत व त्याही पलीकडे गेले. बेने इस्रायल समाज आधी मुंबईत, आणि १९४८ साली इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यावर मोठ्या संख्येने तिकडे गेला. किनाऱ्यावर त्यांची सभागृहे व कबरस्ताने राहिली. मागे राहिल्या त्या बायका, म्हातारी माणसे आणि मुले. म्हणूनच या तालुक्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा अधिक आढळते. म्हसळा-श्रीवर्धनकडे एखाद्या पाड्यात फिरले, तर चांगली बांधलेली, रंग दिलेली, पण वर्षातून दहा महिने कुलूप असलेली घरे दिसतात. घर बांधण्याचा पैसा बाहेरून येतो; घरात दिवा लावणारे माणूस मात्र गावात नसते.

हाच प्रश्न जगाच्या दुसऱ्या टोकालाही आहे, हे ऐकून कित्येकांना नवल वाटेल. युरोपच्या उत्तर टोकाला स्वीडन, नॉर्वे, फिनलंड हे देश आहेत. तेथे गावांचा कारभार पाहणाऱ्या लहान लहान ग्रामीण नगरपालिका होत्या. स्वीडनमध्ये १८६२ च्या कायद्याने अशा नगरपालिका मिळून सुमारे अडीच हजार संस्था उभ्या राहिल्या. शाळा, गोरगरिबांचा सांभाळ ही कामे त्या करीत. पुढे खेड्यांतून माणसे शहरांकडे गेली. नऊ वर्षांची सक्तीची शाळा, वृद्धांची शुश्रूषा यांचा खर्च लहान संस्थांना झेपेना. म्हणून १९५२ साली त्यांची संख्या सुमारे एक हजारावर आणली गेली. १९७१ मध्ये ग्रामीण व शहरी हा भेदच काढून टाकण्यात आला, आणि १९७४ पर्यंत अवघ्या २७८ नगरपालिका उरल्या. शेकडो जुन्या ग्रामीण नगरपालिका अशा रीतीने नकाशावरून पुसल्या गेल्या. उत्तरेकडे तर अंतरे विलक्षण. स्वीडनच्या उत्तरेतील योकमोक नावाची एकच नगरपालिका रायगड जिल्ह्याच्या अडीच पटींहून मोठी आहे, आणि तिच्यात माणसे पाच हजारांच्या आसपास! आपल्या हबसाणची वस्ती त्या मानाने दाटच म्हणावी लागेल. परंतु रोग एकाच जातीचा आहे.

नॉर्वेच्या अगदी उत्तरेला फिनमार्क नावाचा प्रांत आहे. विस्ताराने तो सबंध डेन्मार्कपेक्षा मोठा. वस्ती मात्र सुमारे पंचाहत्तर हजार, म्हणजे १९०१ च्या जंजिऱ्याहूनही थोडी कमीच. सरकारने सोयीसाठी हा प्रांत शेजारच्या ट्रोम्स प्रांताशी जोडण्याचे ठरविले. २०१८ साली फिनमार्कच्या लोकांनी मतदान घेतले; शंभरातील सत्त्याऐंशी जणांनी विरोध नोंदविला. तरीही २०२० साली विलीनीकरण झाले. लोकांनी आपला हेका सोडला नाही. अखेर सरकार बदलले, संसदेने फेरविचार केला, आणि १ जानेवारी २०२४ पासून दोन्ही प्रांत पुन्हा वेगळे झाले. त्या लोकांना स्वतंत्र राज्य नको होते, की राजा नको होता. त्यांचे म्हणणे एवढेच, की आपला निर्णय जेथे होतो, ती जागा आपल्या आवाक्यात असावी.

फिनमार्कचे उदाहरण जंजिऱ्याला जसेच्या तसे लागू पडत नाही. जंजिऱ्याची प्रजा विलीनीकरणासाठी स्वतः झगडली होती, आणि पुन्हा नबाबी यावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु एक बोध दोन्हीकडे सारखाच आहे. लहान घटकाला मोठ्यात मिसळणे हे एका सहीचे काम. त्या लहान घटकाची विचारपूस मोठ्या घरात चालू ठेवणे हे मात्र रोजचे काम आहे. पहिले झाले म्हणजे दुसरे आपोआप होते, असे नाही.

ही विचारपूस राहिली तर काय होते, याची दोन उदाहरणे या किनाऱ्यावरच घडली आहेत. १९९३ च्या आरंभी दिघी आणि शेखाडी या बाजूच्या किनाऱ्यांवर चोरट्या मार्गाने शस्त्रे व स्फोटके उतरविण्यात आली, आणि त्याच वर्षी १२ मार्च रोजी मुंबईत बॉम्बस्फोटांत शेकडो निरपराध माणसे दगावली. स्फोटके या किनाऱ्यावर उतरली, याला अनेक कारणे होती, आणि त्यांत काही सरकारी नोकरांचा लोभही होता, हे न्यायालयात सिद्ध झाले आहे. तरीपण हेही खरे, की दृष्टीआड पडलेला किनारा चोरट्यांना नेहमीच सोयीचा वाटतो. राजधानीने किनाऱ्याकडे पाठ फिरविली, तर त्याचा फटका शेवटी राजधानीलाच बसतो.

दुसरे उदाहरण २०२० च्या ३ जून रोजीचे. निसर्ग नावाचे चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा या भागांत घरांची छपरे उडाली, विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. परंतु सर्वांत मोठे नुकसान वाड्यांचे झाले. भाताचे पीक बुडाले तर पुढल्या पावसात पुन्हा लावता येते. पोफळीचे झाड लावल्यापासून फळ धरावयास सहा-सात वर्षे लागतात, नारळाला बहुधा त्याहूनही अधिक. आजोबाने लावलेल्या वाडीवर नातवाचे शिक्षण होते. तीच वाडी एका दुपारी जमीनदोस्त झाली. वाडी पुन्हा उभी करावयाची तर घरात तरणा माणूस हवा, पाण्याची सोय हवी, आणि सहा-सात वर्षे पोट भरण्याची तजवीज हवी. ज्या घरातला तरणा माणूस आधीच मुंबईत आहे, त्या घराने काय करावे? एकरकमी मदत ही तातडीची गरज भागवू शकते. वाडी उभी राहीपर्यंत पाठीशी उभे राहणे, हे निराळे काम आहे. ते काम जवळची, ओळखीची, गावातल्या झाडांची संख्या जाणणारी संस्थाच करू शकते.

येथेच लहान घटकाचे खरे मोल ध्यानात येते. लहान राज्याचा राजा वाईट असू शकतो, आणि असतोही. परंतु लहान राज्यात अंतर कमी असते. जंजिऱ्याचा नबाब गेला ते बरेच झाले. त्याच्याबरोबर ते कमी अंतरही गेले, आणि ते पुन्हा कसे मिळवावे हा प्रश्न तसाच राहिला. त्याचे उत्तर संस्थान पुन्हा उभारण्यात नाही. तिन्ही तालुक्यांच्या पंचायत समित्यांनी खाडीच्या प्रश्नांपुरते तरी एकत्र बसावे, जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी ठरावीक दिवशी मुरुड, म्हसळा, श्रीवर्धन येथे येऊन कामे उरकावी, पुलाचे काम होईतो फेरीबोटीची सोय बारमाही आणि गरिबाच्या खिशाला परवडणारी असावी, बागायतदारांना पोफळीच्या वयाइतकी मुदत असलेले कर्ज मिळावे. अशा साध्या गोष्टींतच त्याचे उत्तर आहे. यांपैकी कोणत्याही गोष्टीला नवे राज्य लागत नाही. लागते ती दृष्टी. आणि खाडीचे दोन तीर एकाच घराचे आहेत, ही जाणीव.

शहरात राहणाऱ्या श्रोत्यांचाही यात भाग आहे. मुंबई-पुण्यातील कितीतरी कुटुंबांचे मूळ गाव याच तीन तालुक्यांत आहे. सुट्टीत जंजिऱ्याचा किल्ला पाहावयास जाणारेही हजारो. शिडाच्या होडीतून किल्ल्याच्या दरवाजाशी उतरावे, आतले गोड्या पाण्याचे तलाव, कलालबांगडी तोफ, पडके वाडे पाहावेत, आणि संध्याकाळी परतावे, असा साधारण क्रम असतो. किल्ल्यातली वस्ती स्वातंत्र्यानंतरच्या काही दशकांत उठून गेली; आज तेथे भिंती आहेत, माणसे नाहीत. भिंतींची निगा पुरातत्त्व खाते घेईल. परंतु किल्ल्याच्या बुरुजावरून समोर जी किनाऱ्याची हिरवी रेघ दिसते, तेथे अजून माणसे राहतात. त्यांच्या शाळेला शिक्षक आहे काय, दवाखान्यात डॉक्टर येतो काय, वादळात पडलेल्या वाडीच्या जागी नवी रोपे लागली काय, याची विचारपूस प्रत्येक चाकरमान्याने गावी गेल्यावर ग्रामसभेत बसून केली, तरी पुष्कळ होईल.

किल्ला रिकामा झाला, त्याला इलाज नव्हता. त्याचे प्रयोजनच संपले होते. गावांचे प्रयोजन संपलेले नाही. तीही किल्ल्यासारखीच नुसती पाहण्याजोगी होऊन बसू नयेत, एवढी काळजी या पिढीने घ्यावयाची आहे.